खांदा दुखतोय म्हणाल्या

ऊस गाळप सुरू झालं की आमच्या भागात रात्रीची गाडी चालवणं जिवावरचं होतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. टायर बसला की ट्रॉली तिथंच उभी, चाकाला दोन दगड लावलेले. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. हंगामात रात्रपाळी असली की अशा एखाद्या उभ्या ट्रॉलीवर आदळलेली गाडी ठरलेलीच.

त्या रात्री तुळजापूरचं दर्शन करून माजलगावकडं परतणारं कुटुंब आलं. कार ट्रॉलीवर मागून गेली होती. जवळच्या फडातल्या ऊसतोड कामगारांनी पत्रा वाकवून सगळ्यांना बाहेर काढलं आणि एका पिकअपमध्ये घालून आमच्याकडं आणलं. पुढं बसलेल्या तरुण मुलाचं डोकं फुटलेलं, शर्ट रक्तानं चिंब. सगळे त्याच्याभोवती. टाळूची जखम दिसायला भयंकर असते, कारण तिथं रक्त भरपूर वाहतं. पण पोरगा नीट बोलत होता, बेशुद्ध पडला नव्हता, उलटी नव्हती, दोन्ही बुबुळं सारखी होती. सिस्टरनी जखम दाबून धरली आणि टाके घालायची तयारी केली.

ज्यांनी आणलं ते कामगार दाराशी घुटमळत होते. "आमचं नाव नका लिहू मॅडम, पोलिसाचं मागं लागंल." मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि स्पष्ट सांगितलं, नाव सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातही आलंय. ही गोष्ट आमच्याकडं गावागावात सांगायला हवी. टोळीवरच्या माणसाला मुकादमाची उचल फेडायची असते, त्याची रोजची हजेरी बुडाली तर पोटाला चिमटा बसतो. तरी कोयता टाकून ही माणसं धावली होती.

मुलाची आई कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, अंगावर कुठं ओरखडाही नाही. "मावशी, तुम्हाला कुठं लागलंय?" तर म्हणाल्या, "मला काही नाही झालं. त्याचं बघा आधी. खांदा तेवढा दुखू लालाय."

कोणता खांदा? डावा. खांदा दाबून पाहिला, हात वर-खाली करून पाहिला. दाबून दुखत नव्हता, हालवूनही नाही. हाडाचा मार असता तर त्या ओरडल्या असत्या. बाहेर कडाक्याची थंडी आणि मावशींच्या वरच्या ओठावर घाम. नाडी ११६. बीपी ११०/७०, म्हणजे वरवर ठीक. त्यांना आडवं निजवलं तर खांद्याची कळ वाढली, उठून बसवलं तर कमी झाली. डाव्या खालच्या बरगड्यांवर बोट ठेवलं तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मागच्या सीटवर त्या बिनपट्ट्याच्या बसल्या होत्या आणि धडकेत दाराच्या कडीवर आदळल्या होत्या, हे तेव्हा कुठं कळलं.

डाव्या बरगड्यांच्या आत पाणथरी, म्हणजे प्लीहा असते. मुका मार लागून ती फाटली तर रक्त पोटात साचतं आणि श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, खाली जाऊन टोचतं. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांतून जाते, म्हणून दुखतो खांदा आणि फाटलेलं असतं पोटात. सिस्टरनी हिमोग्लोबिन करून आणलं, ११. नवरा म्हणाला, "बघा, रक्त तर चांगलंय." पण रक्तस्रावाच्या सुरुवातीला हा आकडा पडतच नाही, पेशी आणि पाणी बरोबरीनंच जात असतं. त्या घटकेला नाडीवर विश्वास ठेवायचा.

दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, ऑक्सिजन दिला, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं १ ग्रॅम इंजेक्शन सुरू केलं. ते अपघातानंतर ३ तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री आमच्याकडं सोनोग्राफी नाही, सर्जन नाही, रक्तपेढी नाही. १०८ ला फोन केला आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात कॅज्युअल्टीला कळवलं, पाणथरीची शंका आहे, रक्त तयार ठेवा.

मावशी मात्र जायला तयार नव्हत्या. पोराला टाके पडेपर्यंत थांबते, सकाळी घरी जाऊन शेकते, म्हणाल्या. नवऱ्याला खर्चाची धास्ती. सरकारी दवाखान्यात कसला खर्च, हे मी त्यांना दोनदा समजावलं. शिवाय मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळायची केंद्राची योजना आहे. शेवटी मुलगाच बोलला, टाके घालून घेता घेता, डोकं न हलवता: "आई, गप गाडीत बस. तुला काही झालं तर ह्या टाक्याला काय चाटायचंय?" गाडी येईपर्यंत नाडी १२६ झाली होती आणि वरचं बीपी शंभराच्या खाली.

एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या, रजिस्टरमध्ये मी मावशींचंही नाव लिहिलं. नवऱ्याला ते पटेना, जिला लागलंच नाही तिचं नाव पोलीस कागदात कशाला? पण ही नोंद तिथं, त्या रात्रीच व्हावी लागते. "अपघातानंतर दोन दिवसांनी पोट दुखलं" असं सांगत आलेल्या माणसाची नुकसानभरपाई अशा नोंदीवाचून अडलेली मी पाहिली आहे. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, आणि तिथं पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

पहाटे अंबाजोगाईहून निवासी डॉक्टरांचा फोन आला. सोनोग्राफीत पोटभर रक्त, लगेच ऑपरेशन, पाणथरी काढावी लागली. बाई स्थिर आहेत.

ऑपरेशनचे टाके काढून झाल्यावर मावशी आणि त्यांचा नवरा डिस्चार्ज कार्ड दाखवायला आले. मी मावशींना बसवून घेतलं, कारण पुढचं कार्डावर इंग्रजीत होतं आणि त्यांना कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. पाणथरी नसलेल्या माणसाला काही जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततात. न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकसच्या लसी घ्यायच्या. आणि ताप आला तर मेडिकलवरची गोळी खाऊन घरी थांबायचं नाही, मग रात्रीचे २ का असेनात. मी हे मराठीत मोठ्या अक्षरात कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं.

पावसाळ्यात ते कार्ड पुन्हा माझ्या टेबलावर आलं. थंडी वाजून ताप भरला होता, आणि नवरा शेजाऱ्याची जीप काढून मावशींना भर रात्री घेऊन आला होता. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं आणि १०८ नं त्यांना अंबाजोगाईला पाठवलं. या खेपेला जायला त्यांनी एका शब्दानंही नाही म्हटलं नाही.