निगेटिव्ह स्कॅन, खेप ७: दोष डीपीआयचा नव्हताच

गेल्या खेपेला ऐटीत लिहिलं होतं, आता सगळं ६४०० डीपीआयवर (इंचाला ६४०० ठिपके) स्कॅन करणार. ते शब्द गिळतोय.

काकांचे ३८ रोल, सगळे कृष्णधवल. ६४०० डीपीआय, १६ बिट ग्रे (करड्या छटा बारकाईने टिपणारी सेटिंग) म्हणजे एका फ्रेमची टिफ फाइल ११० एमबी; सगळं मिळून १५० जीबी. तेही सोसलं असतं, पण चित्र मऊच. जुलै १९८६, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळल्यानंतरचे दिवस, बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी झुंबड. छत्र्या नुसत्या भिजलेल्या कापसासारख्या. २४०० असो की ६४००, तपशील तेवढाच, फाइल तेवढी फुगते. काकांचा फोकस चुकला म्हणून मोकळा झालो. मग लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) निगेटिव्ह ठेवून ल्यूप, म्हणजे भिंग, लावला, तर छत्रीच्या काड्या मोजता येत होत्या! काका, चूक माझी.

घोळ फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या उंचीचा. माझ्या फ्लॅटबेड स्कॅनरचा फोकस हलत नाही; फिल्म काचेपासून नेमक्या उंचीवर असली तरच ग्रेन, म्हणजे फिल्मचा कण, दिसतं. होल्डरच्या चारी कोपऱ्यांखाली व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे सरकवत गेलो. एका थराला उगाच भास झाला. दोनाला बरं वाटलं. तीनाला काड्या आल्या! चाराला परत धुकं. रात्रीचा दीड वाजलेला, आनंद सांगायला घरात कोणी जागं नाही.

मग डीपीआय परत फिरवून पाहिले. २४०० ते ३२०० मध्ये किंचित फरक, त्यापुढे नुसतं वजन. खोक्यावरचे ६४०० खोक्यावरच राहू देत. आता ३२००, १६ बिट, २७ एमबी. शार्पनिंग बंद, ऑटो लेव्हल्स (उजेड-काळोख आपोआप ताणणं) बंद, हिस्टोग्रामच्या (छटांच्या आलेखाच्या) दोन्ही टोकांना थोडी जागा. आयसीई (इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसणारी स्कॅनरची सोय) सुचवणाऱ्यांना: कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशीन तिलाच धूळ समजतं. आपला ब्लोअरच बरा. आणि म्हापशाहून आणलेल्या, निगेटिव्ह ठेवायच्या पीव्हीसीच्या पिशव्या फेकल्या. या दमटपणात फिल्मला चिकटतात.

राहिली फिल्मच्या पट्टीची कमान. कोपरे खणखणीत, मधला भाग ढिला. वरून काच दाबली की न्यूटन रिंग्ज, म्हणजे चित्रावर वलयं. हे लिहितानाच डोक्यात आलं, काच चकचकीत बाजूला टेकत होती. पट्टी उलटून इमल्शनची (चित्राच्या थराची) मॅट बाजू काचेकडे केली तर? कमानही उलटी होईल, म्हणजे कार्डांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. चवथीपर्यंत ३८ रोल हा बेत रद्द. आधी फेरीबोटीचा एकच रोल. कार्डं कापायला कात्री घेऊन बसतो.