कॅटरपिलर डी२ : पोनी सुधारली, आता डिझेलची पाळी

यंत्र म्हणजे साखळी-पट्ट्यांवर चालणारा डिझेल ट्रॅक्टर, ५यू मालिकेतला, म्हणजे १९४७ पासूनचा. डिझेल इंजिनाला चार सिलिंडर, ४ इंच बोअर (सिलिंडरचा व्यास), ५ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव). तक्रार दुहेरी होती: पोनीला, म्हणजे डिझेल चालू करणाऱ्या छोट्या पेट्रोल इंजिनाला, पंधरा-वीस दोऱ्या ओढाव्या लागायच्या आणि तापली की बंद पडायची, डिझेल नुसतं फिरायचं, पकडायचं नाही.

आधी पोनीची डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास. टाकी वरच्या अंगाला असल्याने कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई (पेट्रोल अडवणारी) नीट बसली नाही की पेट्रोल झिरपत थेट संपमध्ये (तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं आणि तेल पातळ होतं. सुईच्या टोकावर रिंगण घासलेलं होतं, म्हणून सुई व सीट दोन्ही बदलली, तेलही बदललं. यापुढे पोनी किल स्विचने बंद करायची नाही. टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा पडू द्यायचा.

मग मॅग्नेटो, म्हणजे पोनीच्या प्लगला ठिणगी पुरवणारा भाग. काढण्याआधी पोनीच्या पहिल्या सिलिंडरची कॉम्प्रेशनची जागा धरून खूण केली, नाहीतर बसवताना टायमिंग चुकतं. हाताने हळू फिरवल्यावर इम्पल्स कपलिंगची (कमी वेगाला मॅग्नेटोला झटका देऊन ठिणगी जोरदार आणि उशिरा पाडणारी जोडणी) ‘टक्’ ऐकू यायला हवी. इथे येत नव्हती. घट्ट झालेल्या ग्रीसने तिचे पॉल (छोटे खटके) चिकटले होते. ते सुटत नाहीत तोवर दोरीच्या वेगाला ठिणगी दुबळी पडते, शिवाय उशिरा यायची ती लवकर येते आणि दोरी उलटी हिसकते. (म्हणून दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच.) केरोसीनने धुवून हलकं तेल दिलं. पॉइंट (मॅग्नेटोतले उघडझाप करणारे संपर्क) बारीक कानशीने सपाट करून त्यांच्यातलं अंतर १५ थाऊवर (इंचाचे हजारावे भाग, ०.३८ मिमी) लावलं, प्लग २५ थाऊवर. तरीही गरम झाल्यावर ठिणगी पिवळी पडत होती. तो दोष कंडेन्सरचा (पॉइंटला जोडलेला वीज साठवणारा भाग), थंड असताना बरोबर मोजमाप देतो आणि तापला की गळतो. नवा घातल्यावर ६ मिमी अंतर निळी ठिणगी सहज पार करते. आता तिसऱ्या दोरीत लागते.

डिझेलकडे वळताना धुरावरून वाट ठरते. फिरवताना धूरच नसेल तर इंधन पोचत नाही. पांढरा धूर असेल तर पोचतंय, पण उष्णता कमी पडते. इथे धूर नव्हता, इंधनाच्या गेजवर दाबही नाही. इंधनाचा फिल्टर काळा, गच्च. बदलून आधी फिल्टरचा व्हेंट बुडबुडे संपेपर्यंत उघडा ठेवला, नंतर नॉझलकडचे नट एकेक सैल करून एअर काढली. चौथ्या सिलिंडरला सर्वांत जास्त वेळ लागला.

आता पांढरा धूर येतो. या इंजिनाला ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) नाहीत. प्रीकम्बशन चेंबरच्या (जिथे इंधन आधी पेटतं ती छोटी पोकळी) थंड भिंती उष्णता खातात. पोनीचा एक्झॉस्ट इनटेक मॅनिफोल्ड तापवतो, पाणीही दोघांचं एकच. त्यामुळे कॉम्प्रेशन रिलीज (व्हॉल्व्ह उघडे धरून सिलिंडरमधला दाब सोडणारी यंत्रणा) उघडा ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत आणि पुढे दोन-तीन मिनिटं फिरवायचं, मगच लिव्हर ‘रन’कडे. घाई केली तर नुसताच धूर. ईथरची फवारणी इथे मारायची नाही, पिस्टन फुटण्याची भीती असते.

लिव्हर टाकला की पोनीचा वेग टिकतो, पण डिझेल मंदावतं. म्हणजे पोनीला डिझेलशी जोडणारा क्लच घसरतोय. पुढचं काम तेच, आणि त्याबरोबर रिलीज यंत्रणेत ‘रन’ला थोडी मोकळीक आहे का तेही बघायचं, नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत.