रानातला ट्रेलर हायवेवर नेताना

ट्रेलर सात वर्षं माझ्याकडे होता आणि त्याने कधी दगा दिला नव्हता. दगडधोंडे, चिखल, ओढे, चढ, लाकडाचे ओंडके, मातीचे ढीग, सगळं त्याने ओढून नेलं होतं. त्यामुळे तोच गाडीमागे जोडून लांबच्या कामाला न्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यातली यादी एवढीच होती: मागे दिवे लावायचे, हूक बदलायचा आणि निघायचं. प्रत्यक्षात या कामाला चार महिने लागले.

सुरुवात टायरपासून झाली. ट्रेलर स्वच्छ धुतला तेव्हा टायरच्या बाजूवर उठावाची अक्षरं दिसली: ‘नॉट फॉर हायवे यूज’. इतकी वर्षं ती चिखलाखाली दडलेली होती. हे टायर रुंद, मऊ, पाच-सात पीएसआय इतक्या कमी दाबाच्या हवेवर चालणारे. रानात हाच त्यांचा गुण असतो, कारण दगडावर ते दबतात आणि भुसभुशीत जमिनीत रुतत नाहीत. पण टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो, आणि त्या दबण्या-सुटण्यातून तो तापतो. मी हिशेब मांडला. ४५ सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी २० किलोमीटरने मिनिटाला सुमारे २३५ फेरे घेतं, ताशी ८० ने ९४० च्या आसपास. रानात अर्धा तास हळू चालून थांबणारा टायर तासन्‌तास एवढा मळला गेला तर फाटणारच.

चाक काढलं तर त्याहून वाईट बातमी होती. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, बेअरिंगच नव्हतं, नुसते बुश (साध्या नळ्या) होते, तेही घासून लंबगोल झालेले. एक्सल (चाकांचा आस) चौकटीला थेट वेल्ड केलेला, स्प्रिंग नाही. धक्के सोसायचं सगळं काम ते मऊ टायरच करत होते. म्हणजे टायर बदलून कडक घेतले तर स्प्रिंग हवी, स्प्रिंग घ्यायची तर एक्सल नवा, एक्सल नवा तर हब आणि बेअरिंगही नवं. एका धाग्याला हात लावला आणि सगळी वीण उसवली. तेव्हा दोन दिवस काम थांबवलं. नवा ट्रेलरच घ्यावा का, हा विचार मनापासून केला. पण पेटी आणि चौकट खणखणीत होती, आणि या ट्रेलरवर माझा जीव होता.

पैसे घालण्याआधी एक काम केलं, ते करून बरं झालं. तपासणी आणि नोंदणी जिथे होते तिथे जाऊन घरी बदललेल्या ट्रेलरसाठी काय काय लागतं ते लिहून आणलं. एक्सल आणि कपलर (ट्रेलर गाडीला जोडणारा भाग) यांच्यावर क्षमतेची पट्टी हवी, वेल्डिंग झाकलेलं नको, हे तिथेच कळलं. रंग आधी दिला असता तर खरवडावा लागला असता. गाडीचं पुस्तकही तेव्हाच उघडलं. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी दिलेली होती. भरलेला ट्रेलर ५०० किलोच्या आत ठेवायचा, हे तिथेच पक्कं केलं.

चौकटीचा जुना रंग खरवडताना ड्रॉबार, म्हणजे ओढायचा पुढचा दांडा, जिथे चौकटीला मिळतो तिथे केसाएवढी रेघ दिसली. मला ती ओरखडा वाटली. वेल्डिंगवाले काका म्हणाले, “ओरखडा आहे की तडा, ते आपण ठरवायचं नाही. रंग टाकून बघू.” त्यांनी तिथे लाल पेनेट्रंट (फटीत शिरणारं रंगीत द्रव) फवारलं, थोडं थांबून पुसून काढलं आणि वरून फटीतला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटत गेली, चार सेंटिमीटर लांब. मी ते बघत उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. रानात हा दांडा तुटला असता तर ट्रेलर जागेवर बसला असता. हायवेवर मागून कोण येत असेल, काही सांगता येत नाही.

तडा वरून भरायचा नसतो. काकांनी त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने मुळापर्यंत खोदून वेल्ड भरला आणि कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्ट्या दिल्या. तिथेच ड्रॉबारही ६० सेंटिमीटरने लांब केला, कारण कपलर आणि एक्सलमधलं अंतर जितकं जास्त, तितका ट्रेलर मागे शांत चालतो.

नवा एक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवताना स्प्रिंग धरणाऱ्या हँगरला आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून घेतले आणि मोजमाप केलं. कपलरच्या मध्यापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत, दोन्ही अंतरं सारखी हवीत. आमची ९ मिलिमीटरने चुकली होती. डोळ्याला अजिबात दिसत नव्हतं, पण एवढ्या तिरकेपणाने ट्रेलर सतत एका अंगाला ओढतो आणि टायर कडेने खातो. टाके कापून पुन्हा बसवलं, मग पूर्ण वेल्ड.

बेअरिंग टेपर रोलरची. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या आत शिरेपर्यंत दाबून भरायचं, वरवर लावून चालत नाही. नट घट्ट करताना हब फिरवत राहायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सोडून पुन्हा बोटांनी टेकेल इतपतच आवळायचा आणि कॉटर पिन घालायची. फार घट्ट झालं तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिलं तर प्ले येतो, म्हणजे चाक हलतं.

टायर घेताना एकदा फसता फसता वाचलो. नवे म्हणून दिलेल्या टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर सहा वर्षांपूर्वीचे निघाले, परत केले. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी बऱ्याचदा वयानेच मरतो. शेवटी घेतले ते एल खुणेचे, म्हणजे ताशी १२० किलोमीटरपर्यंतचे, आणि वजनाचा आकडा गरजेपेक्षा वरचा.

रानातला खिळा-कडीचा हूक काढून बॉल कपलर बसवला. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते: बॉलचा आकार कपलरवर कोरलेला असतो, तो वाचा. ४७.६ मिलिमीटरच्या बॉलवर ५०.८ चा कपलर बसतो, खटकाही लागतो, आणि खड्ड्यात उडून सुटतो. सेफ्टी चेन दोन घेतल्या, कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवल्या. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो.

दिव्यांनी मात्र रडवलं. डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंदावायचा, ब्रेक दाबला की इंडिकेटर बंद. दोन रविवार वायरी तपासण्यात गेले. दोष अर्थिंगचा होता. मी चौकटीचं लोखंडच अर्थ म्हणून वापरलं होतं, आणि ते बॉलमधून गाडीपर्यंत पोचेल असं धरलं होतं. ग्रीस आणि गंज यांच्यामधून करंट कधी जातो, कधी नाही. प्रत्येक दिव्यापासून वेगळी पांढरी वायर थेट प्लगपर्यंत ओढली, आणि सगळं एका क्षणात सुरळीत झालं.

परवानगी काढून एका मोकळ्या धावपट्टीवर सामान भरून चाचणी घेतली. ताशी ७० च्या आसपास आरशात ट्रेलर डोलायला लागला, आधी थोडा, मग गाडीचं शेपूट हलवण्याइतका. ब्रेक मारायची फार इच्छा झाली. तो न मारता फक्त अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि वेग उतरू दिला. डोलणं थांबलं तरी हात थरथरत होते. काट्यावर भरलेलं वजन ४६० किलो भरलं. कपलरखाली लाकडी ठोकळा आणि घरगुती वजनकाटा ठेवून बघितलं तर नाकावर, म्हणजे कपलरवर, फक्त १८ किलो. जड हत्यारांची पेटी मी सोयीसाठी मागच्या दाराशी ठेवली होती. ती एक्सलच्या पुढे आणली, नाकावर ४८ किलो आले, म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या थोडं वर. तोच ट्रेलर त्याच वेगात सरळ रेषेत आला.

तपासणीत एकच शेरा मिळाला, मागच्या रिफ्लेक्टरच्या उंचीबद्दल. तो तिथल्या तिथे खाली घेतला आणि कागद हातात पडला.

पहिल्या लांबच्या प्रवासात २० किलोमीटरवर थांबलो आणि दोन्ही हबवर हात ठेवला. कोमट होते, दोन्ही सारखेच. ८० किलोमीटरवर टॉर्क पाना लावला तेव्हा डाव्या चाकाचे दोन नट थोडे फिरले. आवळले, पाना सीटखाली ठेवला आणि पुढे निघालो.