हॅवलॉकला गर्दी नव्हती म्हटलं की लोक हसतात

परवा फुटाळा तलावावर चहा पिता पिता एका मित्राला सांगत होतो की अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर आम्हाला अख्खा राधानगर बीच रिकामा मिळाला, तर तो म्हणे काहीही फेकू नको बे, अन् त्याच्या साळ्याचे फोटो काढून दाखवले, त्यात वाळू कमी अन् टोप्याच जास्त. आता गंमत अशी की दोघंही खरंच बोलून राहिलो होतो. त्याचा साळा दुपारी चारला गेला होता, आम्ही पहाटे साडेपाचला.

आपण नागपूरवाले, झिरो माईलवर राहतो, समुद्र दोन्हीकडून लांब, त्यामुळे समुद्राचं काही कळत नाही हे आधीच कबूल करतो. हावड्यापर्यंत ट्रेन, कोलकात्याहून विमान, मग पोर्ट ब्लेअरहून फेरी, असं करत त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास तिथे पोचलो, मी, बायको अन् आई. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय पण जेट्टीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात.

पहिली गोष्ट कळली ती घड्याळाची. अंदमान ९३ रेखांशाजवळ, नागपूर ७९ च्या, अन् वेळ मात्र सगळ्या देशाची एकच, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा जवळपास ५५ मिनिटं पुढे पळतो. नोव्हेंबरात पाच-साडेपाचला चांगलं उजाडलेलं असतं अन् संध्याकाळी पाचला सूर्य बुडालेला. पण माणसं काही घड्याळ बदलत नाहीत ना, नऊला नाश्ता करतात, मग निघतात. राधानगर बेटाच्या पश्चिमेला, २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वात चांगला बीच ठरवलेला, त्यामुळे सनसेटला सगळं बेट तिथेच उतरतं. सकाळी तिथे पाहायला काही नाही असं सगळ्यांना वाटतं, कारण सूर्य मागून, जंगलाकडून येतो. तेच तर भारी आहे, मागच्या उंच झाडांची सावली पार पाण्यापर्यंत पडलेली, वाळू गार, अन् ऊन आधी लांबच्या लाटांवर पडतं अन् मग हळूहळू आपल्याकडे सरकत येतं. आम्ही तिघं, दोन कुत्री अन् एक झाडूवाला. बस.

त्या झाडांवरून आईचं अन् स्कूटी भाड्याने देणाऱ्या पोराचं जुंपलं होतं. तो म्हणे, ये सी महुआ है आंटी, म्हणजे समुद्री मोह. आई भंडाऱ्याकडची, लहानपणी पहाटे उठून मोहफुलं वेचलेली, तिला मोह काय शिकवता. झाडाला हात लावून, वर बघून म्हणते, "हा काही मोह नाही रे, पान पाय ना." मग खाली पडलेली एक ओली डहाळी उचलून मोडली तर पांढरा चीक आला, बोटाला चिकटला. "चिकू हाये हा, चिकूचा कोणतरी." रूमवर येऊन मी सर्च केलं तर बाई बरोबर! मोह, चिकू अन् हे झाड एकाच कुळातले, त्यातही चिकू सगळ्यात जवळचा. त्यानंतर पूर्ण ट्रिपभर तिचा तोरा बघण्यासारखा होता.

राधानगरला समुद्राकडे तोंड करून उजवीकडे चालत राहिलं की शेवटाला नील्स कोव्ह लागतं, खडकांच्या आडोशाला शांत हिरवं पाणी, इतकं स्थिर की आपल्या अंबाझरी तलावातही एवढं नसतं. फोटो काढा, बसा, पण पाण्यात पाय घालू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, २०१० मध्ये तिथेच एका अमेरिकन मुलीचा जीव गेलाय. शांत जागा शोधायच्या नादात लोक हे विसरतात अन् मला त्याचा राग येतो, बोर्डासमोरच कपडे काढून उतरणारे दोघं मी स्वतः पाहिले.

आता माझा पोपट. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तीनला मोठ्या उत्साहाने विजयनगरला, म्हणजे पाच नंबरच्या बीचला पोचलो, खांद्यावर टॉवेल, अन् पाणीच नाही. खरंच नाही. लांबपर्यंत नुसती वाळू, खडक अन् आडव्या पडलेल्या होड्या. बायको म्हणे, "समुद्र आहे की उन्हाळ्यातली नाग नदी?" तिथे छोट्या होडीला डुंगी म्हणतात, एक डुंगीवाला काका जाळं सोडवत बसला होता, तो हसला अन् म्हणाला कल सुबह दस बजे आना, पानी पेड़ की जड़ तक होगा. भरती-ओहोटीत सहा तासांच्या वर थोडं अंतर अन् रोज साधारण ५० मिनिटं पुढे, पौर्णिमा-अमावस्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं अन् सगळ्यात जास्त उतरतं, हे शाळेत पाठ केलेलं, कामात पहिल्यांदा आलं. पण आलोच आहे म्हणून चप्पल घालूनच खडकांत फिरलो तर डबक्याडबक्यांत संसार मांडलेला, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, काळ्या समुद्रकाकड्या, बोटाएवढे निळे मासे. दीड तास कसा गेला कळलं नाही अन् आसपास कोणी नाही, कारण पाणी नाही म्हणून सगळे परत गेलेले. शंख उचलू नका हं, बंदी आहे. दुसऱ्या दिवशी दहाला गेलो तर काकाचं बरोबर, पाण्यावर झुकलेल्या झाडांच्या मुळाशी लाटा लागून राहिल्या होत्या.

एलिफंट बीचला सगळे जेट्टीवरून स्पीडबोटने जातात अन् तिथे वॉटर स्पोर्ट्सचा नुसता कल्ला. आम्ही दोघं राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून चालत गेलो, चिखल, मुळं, घाम, अन् वाटेत पक्ष्यांशिवाय कोणी नाही. बीचपेक्षा ती वाटच आवडली. आईला नेलं नाही, बरंच झालं, घसरडं होतं. संध्याकाळी मात्र वाळूत बसू नका, सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात अन् पंधरा दिवस खाजवत बसावं लागतं, माझ्या पायावर अजून डाग आहेत.

आई परत येऊनही आठवडाभर साडेचारलाच उठत होती, गॅलरीत जाऊन उभी राहायची अन् मला हाका मारायची, "काऊन रे, इथं अजून अंधारच हाये!"