पाण्यात दगड चालतो, काचेवर नाही

लंडनमध्ये भाड्याच्या घराची दर काही महिन्यांनी तपासणी होते. एजन्सीचा माणूस आधी कळवून येतो, बूट न काढता घरभर फिरतो, फोटो काढतो आणि जातो. या वेळी मागाहून ईमेल आली: शॉवरच्या काचेवर लाइमस्केल, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, आहे, भाडेकरूने काढावे. सोबत पुरावा. काचेच्या खालच्या कोपऱ्यातला पांढरा पट्टा इतक्या जवळून टिपलेला, की बघणाऱ्याला वाटावं या घरात बाई राहतच नाही.

आता मला सांगा, हा थर आमच्या अस्वच्छतेचा आहे का? तो नळातून येतो. लंडनचं पाणी मुख्यतः थेम्स आणि ली या नद्यांचं, बाकीचं खडूच्या खडकात साठलेलं भूजल. थेम्सचा उगमच कॉट्सवोल्डच्या चुनखडीतला. पावसाचं पाणी या दगडांतून झिरपताना कॅल्शियम घेऊनच पुढे येतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी जड म्हणतात. लंडनच्या बऱ्याच भागांत हा आकडा २५० ते ३०० च्या आसपास असतो. पाणीपुरवठा कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की आपला आकडा मिळतो. कायद्यात त्याला वरची मर्यादाच नाही. म्हणजे पाण्यात दगड चालतो, काचेवर चालत नाही.

बोअरचं जड पाणी तुम्हीही वापरलंय, माहीत आहे. पण पुण्यात आमच्याकडे वापरायला बोअर आणि स्वयंपाकाला खडकवासला अशी सरळ वाटणी होती. इथे एकच नळ. तूरडाळ चांगली भिजवून कुकरला लावली तरी दाणा बोटांत दाबल्यावर आत कणी लागते. कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन घट्ट होतं, म्हणून चिमूटभर खायचा सोडा. चहा कपात ओतून जरा फोनवर बोलत बसलं की वर तपकिरी तवंग. चमच्याने ढकलला की त्याचे तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटतात. इंपीरियल कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात या तवंगावर चक्क संशोधन केलं. चहातली द्रव्यं, हवेतला ऑक्सिजन आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा तो उद्योग. लिंबू पिळलं तर तवंग धरत नाही म्हणे. आमच्या दुधाच्या चहाला याचा काय उपयोग?

केटलचं त्या मानाने सोपं आहे. पाणी उकळलं की विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं आणि खडू तळाशी बसतो. सायट्रिक ॲसिड टाकलं की फसफसून तळ लख्ख होतो. काच मात्र रोजची डोकेदुखी. आंघोळ झाली की प्रत्येकाने रबरी पट्टीने ती निपटायची, असा नियम मी केला आहे. नवरा पाळतो. मुलगा पट्टी ओली करून ठेवतो, म्हणजे आईला वाटावं निपटली. आणि भारतातून आलेल्या सासऱ्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पाणी मऊ करायचं यंत्र मुख्य पाइपला जोडावं लागतं आणि घरमालक नको म्हणतो. माझ्या केसांची वाट पाण्यानेच लावली असं मी सगळ्यांना सांगते. तरी प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की असं यंत्र बसवून मुलांचा एक्झिमा (त्वचेला खाज सुटणारा विकार) कमी होतो का, याची इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, २०११ साली निष्कर्ष आले आणि काही फायदा दिसला नाही. केसांचं कुणी तपासलंय का, ते मी शोधायला गेलेले नाही.

एका बाबतीत मात्र इथलं मानावं लागतं. २०१९ च्या कायद्याने डिपॉझिट साधारणपणे ५ आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं आणि वाद झालाच तर तिथला त्रयस्थ माणूस कागद बघून निकाल देतो, फुकट. पुण्यात आमच्या मालकांनी रंगाचे पैसे कापले तेव्हा आम्ही वर त्यांनाच पेढे देऊन घर सोडलं होतं. पण पुण्यात काचेवरून कुणी बोललं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मागे आम्ही लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनने शेवटपर्यंत, चेशमला गेलो होतो. तिथे चेस नदी आहे, चिल्टर्न टेकड्यांच्या खडूतून झरणारी. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा मोजावा. खडूतून उगम पावणाऱ्या जगातल्या बहुतेक नद्या इंग्लंडमध्येच आहेत. हा खडू म्हणजे क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या, काळातल्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे सांगाडे. तो काळ संपत होता तेव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा पसरत होता. त्यांच्या वाट्याला पांढरा दगड, आपल्या वाट्याला काळा. काळा बरा. त्याच्यावर गड बांधता येतात.

मैत्रीण ग्लासगोला असते. तिथे १८५९ पासून लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी येतं, अगदी मऊ. तिची डाळ पटकन शिजते, केटल आतून नव्यासारखी आणि साबणाचा फेस धुता धुवत नाही. हे ती दर फोनवर ऐकवते. तिच्याकडे पाऊस लंडनच्या जवळजवळ दुप्पट पडतो, हे मग मीही ऐकवते.