सोलापूरच्या उन्हात पोलरॉइड

मामा सौदीहून आले तेव्हा त्यांनी आणलेला पोलरॉइड सिक्स हंड्रेड, म्हणजे काढल्या काढल्या कागदावर फोटो देणारा कॅमेरा, आमच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होता, आणि तो आजही चालतो याचं मला अजून नवल वाटतं. सेल कॅमेऱ्यात नसतो, फिल्मच्या पॅकमध्येच असतो, त्यामुळं आत काही गंजलंच नाही. नवीन पॅक घातला, मोटर घुर्रकन फिरली, काळा कागद बाहेर आला, बस्स.

खरं तर २००८ ला पोलरॉइडनं फिल्म बंद करायचं जाहीर केलं तेव्हाच हे कॅमेरे भंगारात जायचे, पण नेदरलँड्समधल्या एन्स्केडेचा पोलरॉइडचा कारखाना इम्पॉसिबल प्रोजेक्ट नावाच्या नव्या कंपनीवाल्यांनी वाचवला. जुनी रसायनं मिळत नव्हती म्हणून फिल्म नव्यानं जुळवली आणि २०१० मध्ये बाजारात आणली. त्या लोकांचे मी मनापासून आभार मानतो.

आता मुद्द्याचं. ही फिल्म १३ ते २८ डिग्रीत नीट उमटते आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर. पहिला पॅक मी कंबर तलावावर भर दुपारी उडवला, आठच्या आठ फोटो पिवळट-तांबडे, पाणी गढूळ चहासारखं. तेव्हापासून पॅक फ्रीजमध्ये ठेवतो (फ्रीजरमध्ये नाही हं, गोठली तर फिल्म गेलीच), वापरायच्या तासभर आधी बाहेर काढतो, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच फोटो काढतो आणि काढलेला फोटो लगेच पाण्याच्या गार बाटलीला टेकवून उलटा ठेवतो. सिद्धेश्वर तलावाचा माझा सगळ्यात चांगला फोटो असाच आलाय, सूर्य पाठीमागं, देऊळ समोर, आकाश कमीत कमी. आकाश जास्त घेतलं की कॅमेरा त्याच्यावर मोजमाप करतो आणि खालचं सगळं काळं.

पण माझा जीव माणसांच्या फोटोत. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी हवा फिल्मला अगदी मानवते. यंदा तैलाभिषेकाच्या दिवशी सकाळी यात्रेतले उंच नंदीध्वज मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघायच्या आधी आमच्या गल्लीतले एक काका पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत उभे होते. म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबता का?" चार फुटांच्या आत हा कॅमेरा धूसर करतो म्हणून पट्ट्याला चार फुटांची दोरी बांधलीय, ती त्यांच्या छातीपर्यंत ताणून अंतर घेतलं. एवढं पांढरं समोर असलं की चेहरा काळवंडतो, तेव्हा कॅमेऱ्यावरची उजेड कमी-जास्त करायची पट्टी उजेडाकडं सरकवली आणि बटण दाबलं.

त्यांची नात शेजारीच. फोटो तिच्या हातात दिला, स्वेटरच्या आत उलटा धर म्हटलं, पंधरा मिनिटं बघायचं नाही, हलवायचा पण नाही. दर मिनिटाला तिचं "काका, अजून का येईना?" सुरू. १९४३ साली पोलरॉइडचा जनक एडविन लँडच्या तीन वर्षांच्या मुलीनं बापाला हेच विचारलं होतं, फोटो आत्ताच का दिसत नाही म्हणून, आणि त्यातूनच हा सगळा कॅमेरा जन्माला आला. मी तिला ती गोष्ट सांगितली, तिनं ऐकली की नाही काय माहीत, तिचं लक्ष सगळं स्वेटरमध्ये.

मग तिनं काढून बघितला. आधी मिशा दिसल्या, मग फेट्याची कड, कपाळावरचं गंध अजून फिकट होतं. "आज्जा आला!" असं ओरडून ती जी पळाली ती थेट घरात, आज्जीला दाखवायला.

या फोटोला निगेटिव्ह नाही, दुसरी कॉपी नाही. मी मोबाईलवर सुद्धा काढून घेतला नाही. तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लावलाय, परवा चहाला गेलो तेव्हा बघून आलो, गंध आता चांगलं ठळक झालंय.