एका टन बोल्टमागे किती कार्बन? माझा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका छोट्या बोल्टच्या कारखान्यात मी हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघते. २०२४च्या पावसाळ्यात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा मेल आला. आधीच्या तीन तिमाहींच्या अहवालांत त्यांनी युरोपियन युनियनने ठरवून दिलेले आकडे भरून निभावलं होतं. ३१ जुलैनंतर ते चालणार नव्हतं. एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो खरा आकडा हवा होता. शेठ म्हणाले, "ताई, आपण धूर कधी मोजलाय?"

हे सीबॅमचं प्रकरण, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावर सीमेवर लागणारी कार्बनची किंमत. युरोपात २००५पासून मोठ्या कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने लागतात आणि त्यांची बाजारात खरेदी-विक्री होते. २०२४मध्ये टनाला साधारण ६५ युरो भाव होता. तिथल्या कारखान्याने हा खर्च सोसायचा आणि बाहेरचा माल फुकट आत यायचा, तर कारखानेही बाहेर जातील आणि धूरही. म्हणून आयातीलाही तोच भाव. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल, २०२६ पासून पैसे, तेही दरवर्षी वाढत २०३४ला पूर्ण. भरणार आयातदार, पण दर ठरवताना ते आमच्याकडूनच वळते करून घेणार, हे पहिल्याच फोनवर कळलं.

मी वर्षभराची गॅसची आणि विजेची बिलं काढली. टनामागे गॅस साधारण ७० घनमीटर, म्हणजे १४० किलो कार्बन डायऑक्साइड. वीज ३५० युनिट. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे आणखी २४५. मला वाटलं, झालं काम. पण खरा बोजा आमच्या शेडमध्ये नव्हताच. ज्या वायर रॉडचा बोल्ट होतो, ते कोळशाच्या वाटेने बनलेलं पोलाद एकटंच टनाला अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या घरात जातं. आम्ही कितीही काटकसर केली तरी मोठा हिस्सा विकत घेतलेल्या मालात होता.

तो आकडा मिळवायला अडीच महिने गेले. रॉड आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो. प्रत्येक गुंडाळीला पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या कुठल्या घाणीतून तो रॉड आला त्याचा क्रमांक. मी गोदामात बसून बिल्ले पुसून नंबर उतरवले, टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवले आणि पोलादाच्या गिरण्यांना मेल केले. एका गिरणीने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. याचा मला फार राग आला, कारण त्यांच्या गप्प बसण्याची किंमत आमच्यासारख्यांनी मोजायची.

एक गोष्ट मात्र हाती लागली. महिनावार गॅस मांडताना एका भट्टीचा खप दुसरीपेक्षा बराच जास्त दिसला. भट्टीवरचे काका म्हणाले, "बेन, आ दरवाजो तो बे वरसथी आवो ज छे." (हे दार दोन वर्षांपासून असंच आहे.) दाराच्या कडेने बोटभर लाल फट दिसत होती. फट बुजवणारी सिरॅमिकची दोरी बदलली आणि पुढच्याच बिलात फरक पडला. हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. मोजायला कुणी भाग पाडलं नाही, म्हणून झालं नाही.

म्हणूनच हा बाजार नुसता युरोपचा डाव आहे, असं मी म्हणत नाही. सुरतेत २०१९पासून चिमणीतून निघणाऱ्या कणांच्या परवान्यांचा असाच बाजार आहे, तीनशेवर कारखान्यांचा. माझा मावसभाऊ तिथे कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर बघतो. चिमणीवर मीटर बसल्यापासून कोळसा टाकायची पद्धतच बदलली, म्हणतो. अभ्यासातही प्रदूषण २० ते ३० टक्के घटल्याचं दिसलं. मला सलतं ते एवढंच, की आमचे पैसे युरोपच्या तिजोरीत जाणार. कार्बनची किंमत आपल्या देशात भरली असेल तर सीबॅममध्ये तेवढी वजावट मिळते. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ला अधिसूचित झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागदाच्या २८२ कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्यंही मिळाली. पोलादालाही ती लवकर मिळावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता आम्ही भंगारापासून विजेच्या भट्टीत बनलेला रॉड आजमावतोय. कार्बन निम्म्याहून कमी. पण पहिल्या लॉटमध्ये हेडिंगला, म्हणजे रॉड ठोकून डोकं घडवताना, बोल्टच्या डोक्याला केसाएवढे तडे गेले, सगळा माल बाद. दुसऱ्या हीटचे नमुने कालच लॅबला दिलेत.